स्पंज, मणका आणि मी न उघडलेलं पुस्तक

मणका आतून स्पंजासारखा असतो, असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. राग आला म्हणून चहा घेऊन पुन्हा वाचली. तरी रागच आला.

"मणका आतून स्पंजासारखा? ताई, आधी पुस्तक उघडा, मग लिहा. स्पंज दाबून सोडला की फुगतो, मणका फुगतो का?"

मुद्दा मांडायला माझी हरकत नाही, दादा. पण "पुस्तक उघडा" कुणाला म्हणताय? एकोणीस वर्षं एक्स-रेच्या खोलीत काढलीत मी. "मणक्यात गॅप आहे म्हणे" असं सांगत आलेली किती माणसं टेबलावर आडवी केली, त्याची मोजदाद नाही. तुम्ही किती फिल्म उजेडावर धरल्यात?

आणि पुस्तकाचंच म्हणाल, तर 'स्पंजी बोन' हा शब्द तिथलाच आहे, माझ्या स्वयंपाकघरातला नाही. मणक्याचा पुढचा डब्यासारखा भाग बाहेरून पातळ, टणक कवचाचा असतो. आत हाडाच्या बारीक काड्यांची जाळी, उभ्या नि आडव्या, आणि मधल्या भोकांत लाल मज्जा, जिथे रक्तपेशी तयार होतात. दिसायला स्पंज, म्हणून स्पंज. पाव म्हटलं असतं, तर मणका भाजतात का, असं विचारलं असतंत.

माझ्या आईचंच सांगते. वय वाढलं की त्या जाळीतल्या आडव्या काड्या आधी जातात, मग आधार सुटलेल्या उभ्या काड्या वाकतात. आईनं भरलेली बादली उचलली आणि छातीचा शेवटचा, बारावा मणका पुढून चेपला. फिल्मवर पाचरीसारखा दिसत होता. फळीवरचा पोह्यांचा डबा तिच्या हाताला येईना. तो मणका काही परत फुगला नाही. असल्या गोष्टी मी पुस्तकातून शिकलेले नाही.

माणसाला ३३ मणके असतात असं मी लिहिलं होतं, त्याबद्दल मात्र तुमचं बरोबर. जन्मतः ३३ असतात. पुढे त्रिकास्थीतले (कमरेखालच्या तिकोनी हाडातले) ५ आणि माकडहाडातले साधारण ४ जुळून त्यांचं एकेक हाड होतं, मोठ्या माणसात २६ उरतात. 'जन्मतः' शब्द लिहायचा राहिला होता, घातलाय. चूक कबूल करायला मला लाज वाटत नाही.

दोन मणक्यांमधल्या चकतीला मोठेपणी जवळपास रक्तवाहिन्या नसतात, मी असतात म्हटलंय, वगैरे जे तुम्ही पुढे लिहिलंय, त्यावर सवडीनं बघू. आणि 'ताई' म्हणायचं असेल तर जरा बऱ्या सुरात म्हणा.