पोटाच्या डॉक्टरपासून काहीही लपवू नका

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पोटाच्या डॉक्टरकडे जास्त बोलू नका. हुशार डॉक्टर रिपोर्टवरूनच ओळखतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार मनाचा. चूर्ण-काढे घेता हे सांगू नका, डॉक्टर उगाच रागावतात.’ हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि पहिला तर जिवावर बेतू शकतो.

रिपोर्टवरून ओळखतो? निफाडची माझी मावशी ‘भूक लागत नाही’ एवढंच सांगून गप्प बसली होती, कारण मुलगा शेजारी उभा होता. डॉक्टरांनी त्याला बाहेर पाठवलं आणि सरळ विचारलं, ‘आजी, संडासचा रंग कसा असतो?’ ती म्हणाली, ‘डांबरासारखा. चिकट.’ लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, म्हणून तेही विचारलं. त्या चालू नव्हत्या. पण गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी ती रोज घेत होती, तीही बऱ्याचदा उपाशीपोटी. त्या गोळीने जठरात अल्सर, म्हणजे जखम, होऊन रक्त जात होतं. एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर बघणं, त्यानंतर झाली. त्या एका प्रश्नाशिवाय ती तपासणी कुणाला सुचलीच नसती.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मनाचा आजार, हेही खोटं. एन्डोस्कोपीत जखम, सूज, गाठ दिसते. आतड्याची हालचाल बिघडली किंवा तिथल्या नसा हळव्या झाल्या, तर ते दिसत नाही. आयबीएसचं, म्हणजे आतड्याच्या कामातल्या अशा बिघाडाचं, निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरूनच होतं. ते ओळखण्यासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१६च्या रोम-४ निकषांत हेच विचारलंय: गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस दुखतं का, त्याचा शौचाशी संबंध आहे का, किती वेळा जावं लागतं, शौच घट्ट की पातळ. ताणाने त्रास वाढतो हे खरं, पण म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. इथे डॉक्टरांनाही सांगणं आहे: ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून फाईल परत देऊ नका. काय नाही आणि काय असू शकतं, दोन्ही सांगा.

चूर्णाचं म्हणाल तर पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. तिने कळा येतात, जुलाब होतात, आणि डॉक्टर भलतंच कारण शोधत बसतात. पॅन्टोप्राझोल ही अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी चुकू शकते, म्हणून ही गोळी साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. स्वतःहून मात्र थांबवू नका. सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला होणारा आजार; त्याची तपासणी व्हायच्या आत पोळी सोडलीत, तर तीही चुकू शकते. डॉक्टर रागावले तर रागावू देत.

सिव्हिलची ओपीडी असो की खाजगी दवाखाना, वेळ थोडाच मिळतो. तेव्हा रक्त, काळी संडास, उतरलेलं वजन, गिळताना अडकणं, झोपेतून उठवणारं दुखणं यांतलं काही असेल तर खुर्चीत बसल्या बसल्या तेच आधी सांगा. गॅस, ढेकर नंतर.