उत्तर: ‘१ लाख ३३ हजार सांगून १ लाख ९४ हजार लावले’

नमस्कार काका,

आमच्या दरवाजाच्या कामाला तुम्ही ऑनलाइन दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर तीन-चार वेळा वाचला. पहिल्यांदा राग आला, कबूल करतो. मग तुमची फाईल काढली आणि तो राग बराचसा आमच्याच माणसांकडे वळला.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. कर्वेनगरच्या बंगल्यात गॅरेजला वर सरकणारा, मोटरवर चालणारा दरवाजा बसवायचा होता. नऊ फूट रुंद, आठ फूट उंच. जुलैत आम्ही १ लाख ३३ हजारांचं कोटेशन दिलं, तुमच्या खिशातून गेले १ लाख ९४ हजार. चार आठवडे सांगितले, लागले नऊ. परतीच्या पावसात पाणी आत आलं. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि गाडी आत अडकली. वर, तुमच्या धाकट्या भावाचं काम आम्ही ‘उद्धटपणे’ नाकारलं. आणि शेवटचा टोला, नाना पेठेतला कुठलाही फॅब्रिकेटर चाळीस हजारांत शटर लावून देतो.

आधी पैशांचं बोलू, कारण तारा तिथेच गेला आहे. तुमचा आकडा बरोबर आहे, मी पुन्हा बेरीज केली: १,९४,०१०. कोटेशनमध्ये दरवाजा, ट्रॅक आणि स्प्रिंगचे ९६,०००, मोटर आणि दोन रिमोटचे २८,०००, वाहतूक आणि फिटिंगचे ९,००० होते. त्यावर कमी उंचीच्या ट्रॅकचा संच १२,५०० आणि लोखंडी चौकट ९,००० वाढली. एकूण १,५४,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी २७,८१०. उरलेले ११,७०० आमच्याकडे आलेच नाहीत, ते तुम्ही इलेक्ट्रिशियनला (४,२००) आणि गवंड्याला (७,५००) परस्पर दिलेत. पण ज्याच्या खिशातून जातात त्याला ते दरवाजाचेच वाटणार, आणि ते बरोबर आहे.

जीएसटीचं सांगतो. कोटेशनच्या तळाला ‘कर वेगळा’ असं छापलेलं आहे, म्हणजे कागदावर आम्ही सुटतो. पण तुम्ही आणि काकू जेवणाच्या टेबलावर बसून बजेट ठरवताना तळाची ओळ वाचत नाही. कोणीच वाचत नाही, मीसुद्धा विम्याची वाचत नाही. मागच्या महिन्यापासून आमच्या कोटेशनवर मोठा आकडा करासकट असतो. ते तुमच्यामुळे झालं, हे मोकळेपणाने सांगतो.

आता ट्रॅकचा संच, इथे चूक आमची आहे. या प्रकारच्या दरवाजाचे पट्टे वर जाऊन छताखाली आडवे पडतात. त्यासाठी दाराच्या वरच्या कडेपासून छतापर्यंत साधारण बारा ते पंधरा इंच मोकळी जागा लागते. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने लिंटेलपासून (दाराच्या वरच्या आडव्या तुळईपासून) स्लॅबपर्यंत मोजलं, चौदा इंच भरले, ‘ओके’ लिहिलं आणि चहा पिऊन निघाला. दारापासून पाच फूट आत एक आडवा बीम होता, त्याखाली, दाराच्या वरच्या कडेपासून, जागा होती आठच इंच. त्या दिवशी तिथे सिमेंटच्या गोण्या छातीइतक्या रचलेल्या होत्या आणि मागे अंधार होता, हे त्याचं म्हणणं. मी त्याला विचारलं, मोबाईलला टॉर्च असतो ना? त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

हा बीम पाचव्या आठवड्यात माल घेऊन मुलं आली तेव्हा ‘सापडला’. मग कमी जागेत बसणारा दुहेरी ट्रॅकचा संच मागवला, त्याला दोन आठवडे गेले. तोवर गणपती आले आणि फिटिंगची जोडी कोकणात गावाला गेली. गणपतीत कोकणातला माणूस पुण्यात थांबेल ही अपेक्षा मी बावीस वर्षांत कधी केलेली नाही, तर ‘गणपतीच्या आधी नक्की’ असं तुम्हाला सांगायलाही नको होतं. मूर्ती आणायची गाडी तुम्हाला शेजाऱ्यांच्या फाटकात लावावी लागली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

तरीही संचाचे १२,५०० मी परत करत नाही. तुमच्या गॅरेजला तो संच पहिल्या दिवसापासून लागणारच होता. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर तुम्हाला निवडीला वाव राहिला असता, तो आम्ही घालवला. मोजमाप हा फिटिंगचाच भाग आहे आणि तोच नीट झाला नाही, म्हणून फिटिंग आणि वाहतुकीचे ९,००० अधिक त्यावरचा कर १,६२०, असे १०,६२० रुपये परत करतो आहे. धनादेश तयार आहे. तारा बदला असं त्यासोबत अजिबात म्हणणार नाही.

चौकटीचं मात्र माझ्या अंगावर घेत नाही. दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या आहेत (आपण सगळे सरसकट ज्याला सिपोरेक्स म्हणतो). असा दरवाजा सत्तर-ऐंशी किलोचा असतो आणि दिवसातून चार-सहा वेळा खालीवर होतो. त्या ब्लॉकमध्ये ठोकलेला बोल्ट महिनाभर धरतो, मग भुगा पडायला लागतो. म्हणून जमिनीपासून दारावरच्या लिंटेलपर्यंत लोखंडी चौकोनी पाइपची चौकट उभी केली आणि ट्रॅक तिला धरले. हे मी स्वतः प्लॅस्टरच्या आधी फोनवर सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’ आता वाटतं, तो आकडा तेव्हाच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला हवा होता.

पाण्याबद्दल. दरवाजाच्या खालचं रबर फट बुजवतं, वारा आणि धूळ अडवतं, उंदीरही अडवतं. पण ते धरणाची भिंत नाही. तुमच्या अंगणाची फरशी दाराकडे उतरते. उतार नेहमी दारापासून रस्त्याकडे हवा, दर दहा फुटांना सव्वा इंच पुरतो, आणि दार जिथे टेकतं तिथून बाहेरची बाजू अर्धा-पाऊण इंच खाली हवी. गवंड्याने नंतर जाळीची नाली घातली, त्याने भागलंय असं तुम्हीच फोनवर सांगितलंत. ही गोष्ट आमच्या माणसाच्या नजरेला यायला हवी होती का? हवी होती. पण फरशीचं काम आमचं नव्हतं, तेव्हा इथे अर्धी चूक मान्य करतो, पूर्ण नाही.

वीज गेल्यावर गाडी अडकली, याचं वाईट वाटलं कारण ते अगदीच टाळता येण्यासारखं होतं. मोटरच्या पट्टीला लाल दोरी लोंबते. दार बंद असताना ती खाली ओढली की मोटर सुटते आणि स्प्रिंग नीट ताणलेली असेल तर दार एका हाताने उचलता येतं. मुलांनी हे काकूंना दाखवलं, तुम्ही तेव्हा बँकेत होतात. यापुढे घरातल्या दोघांना दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, असं मुलांना सांगितलं आहे. एक कळकळीची सूचना: दार वर अडकलेलं असेल किंवा स्प्रिंग तुटल्याचा आवाज आला असेल तर ती दोरी ओढू नका, सगळं वजन खाली येतं. आणि स्प्रिंगच्या बोल्टला कोणीही हात लावायचा नाही, ओळखीच्या मेकॅनिकनेही नाही. साधी स्प्रिंग दहा हजार वेळा उघडझाप धरून बनवलेली असते. दोन गाड्या रोज एकदा जाऊन आल्या की दिवसाला चार उघडझापी, म्हणजे पावणेसात-सात वर्षं. तेवढ्याने स्प्रिंग बदलायचा खर्च येणार आहे, आजच डायरीत लिहून ठेवा.

आता नाना पेठ. काका, तुमचं खरं आहे, शटर स्वस्तात होतं आणि पहिल्या भेटीत मी तुम्हाला तेच सुचवलं होतं. पट्ट्यांचं शटर दाराच्या वर डब्यात गुंडाळलं जातं, आतला बीम त्याला आडवा आला नसता. तुम्ही नको म्हणालात, कारण गॅरेजच्या वर तुमच्या आईंची खोली आहे आणि सूनबाई सकाळी साडेपाचला हॉस्पिटलच्या ड्यूटीला निघतात. शटरच्या खडखडाटाने आजी रोज उठल्या असत्या. म्हणून आतून फोम भरलेले चाळीस मिलिमीटरचे पट्टे घेतले. ते कारण मला पटलं होतं, अजूनही पटतं. पण मग तुलना शटरच्या किमतीशी करू नका.

तुमच्या भावाचं काम नाकारलं ते वेगळ्या कारणाने. त्यांचा फ्लॅट आहे आणि त्यांना इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगला दार लावायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की असं खांबांमधलं पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, ते सोसायटीच्या सामाईक जागेत येतं. घरबांधणी व्यवसायासाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्यातही गॅरेज म्हणजे छत आणि तीन बाजूंनी भिंती असलेली जागा. उद्या सोसायटीने दार काढायला लावलं तर ते आमच्या नावाने ओरडणार. आमचा मुलगा फोनवर ‘नाही जमणार’ म्हणून मोकळा झाला, कारण सांगितलं नाही, तेवढा उद्धटपणा झाला.

ज्यांचं घर अजून बांधकामात आहे त्यांच्यासाठी, कारण हा मजकूर तेही वाचतील. दाराचा विचार फरशीच्या आणि छताच्या पीओपीच्या आधी करा. आर्किटेक्टला विचारा की दाराच्या वर आणि आत अकरा-बारा फुटांपर्यंत छताला सगळ्यात खाली काय येतं: बीम, पाण्याचा पाइप, पंखा, ट्यूब. मोटरसाठी छतातच प्लग पॉइंट ठेवायला सांगा, नंतर भिंत फोडावी लागते. आणि कोटेशन देणाऱ्याला, मग तो मी असलो तरी, एकच प्रश्न लेखी विचारा: करासकट, गवंडी आणि वायरमनसकट, दार चालू होईपर्यंत एकूण किती?

काका, शनिवारी सकाळी दहाला मी स्वतः येतो, धनादेश घेऊन. डाव्या बाजूचं रबर एका टोकाला उचललं गेलंय असं काकू म्हणाल्या, तेही बघतो. तेवढी गाडी बाहेर काढून ठेवा.