थायलंडमध्ये मालकालाही वर्क परमिट लागतं

"थायलंडमध्ये हॉटेल टाकायचंय? टुरिस्ट म्हणून जा, तिथे कंपनी काढा, 51 टक्के शेअर कुणा थाई माणसाच्या नावावर दाखवा. मालक आपणच, म्हणून वर्क परमिट लागत नाही." हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरतो. कर्ज काढून पट्टाया-फुकेतचा बेत आखणारे लोक तो खरा मानतात, याची मला काळजी वाटते.

मालकाला परमिट नको, हे साफ खोटं. परदेशी माणूस नोकर आहे की मालक, पगार घेतो की नाही, यावर तिथे सूट मिळत नाही. शेअर बाळगायला परमिट लागत नाही; पण रोजचा कारभार बघायला, भटारखान्यात उभं राहायला लागतं. विनापरमिट सापडलात तर 5,000 ते 50,000 बाट (थाई चलन) दंड, देशाबाहेर रवानगी आणि पुढची 2 वर्षं परमिट बंद.

टुरिस्ट म्हणून जाण्याचं म्हणाल, तर 2024 मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय 60 दिवस राहण्याची मुभा मिळाली हे खरं; आजचा नियम जाण्याआधी तपासा. टुरिस्ट म्हणून गेल्यावर जागा बघा, वकिलाला भेटा, बोलणी करा. धंदा चालवायला मात्र 'नॉन-इमिग्रंट बी' (धंदा-नोकरीसाठीचा) व्हिसा आणि त्यावर परमिट, असा रस्ता आहे.

सगळ्यात घातक आहे ती 51 टक्क्यांची युक्ती. 1999 च्या परदेशी व्यवसाय कायद्यानुसार खाद्यपेयविक्री हा परवान्याशिवाय परदेशी कंपनीला (निम्मे किंवा जास्त शेअर परदेशी माणसांचे असलेल्या) न करता येणारा धंदा आहे, म्हणून लोक थाई भागीदार शोधतात. भागीदार खरा असेल, त्याने स्वतःचे पैसे घातले असतील, तर 49 टक्के घेऊन राहणं पूर्ण कायदेशीर. पण पैसे तुमचे आणि नाव फक्त त्याचं, हा कलम 36 खाली गुन्हा आहे: 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख ते 10 लाख बाट दंड किंवा दोन्ही. शिक्षा नाव देणाऱ्या थाई माणसालाही होते. एखाद्या बिचाऱ्या कामवालीचं किंवा ड्रायव्हरचं नाव लावून देणारा एजंट हे कधीच सांगत नाही.

खर्चाबद्दल तर त्या मजकुरात अवाक्षर नाही. साधारण नियम असा: प्रत्येक परदेशी माणसामागे 20 लाख बाट भांडवल, म्हणजे पन्नास लाख रुपयांच्या वर. व्हिसा वर्षभर वाढवायचा तर प्रत्येकामागे 4 थाई कर्मचारी, सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेत नोंदवलेले. शिवाय भारतीयाला दरमहा किमान 35,000 बाट पगार दाखवून त्यावर कर भरायचा. सोबत गावाकडचा एक आचारी न्यायचा म्हटलं की 40 लाख बाट आणि 8 थाई माणसं. दहा टेबलांच्या खानावळीला हे झेपेल का, हा हिशेब तिकीट काढण्याआधी कागदावर मांडा. दुकानात उभं राहून गिऱ्हाइकाला माल विकण्याचं काम तर परदेशी माणसाला मनाईच्या यादीत आहे. त्या कामासाठी परमिटही मिळत नाही.