पाच सेंटिमीटर, एक डाग आणि ‘तळी उचलणं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

“तीस वर्षांच्या बर्गंडीत कॉर्कखाली पाच सेंटिमीटर रिकामं, कॅप्सूलखाली झिरपल्याचा डाग, तरी बाटली ठीक? ही विक्रेत्यांची तळी उचलणं झालं,” असं जुन्या वाईनच्या बाटल्या कशा पारखायच्या या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत. (बर्गंडी आणि बोर्डो हे फ्रान्सचे वाईनचे प्रदेश; कॅप्सूल म्हणजे कॉर्क आणि बाटलीच्या तोंडावरचं वेष्टण.) आक्षेप जरूर घ्या. पण असा आरोप करण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता. पंचवीस वर्षं मी या बाटल्या तपासते आहे, आणि एकाही विक्रीत माझा पैचाही वाटा नाही.

एक चूक माझी. लेव्हल, म्हणजे बाटलीतल्या वाईनची पातळी, कॉर्कच्या खालच्या टोकापासून मोजायची, कॅप्सूलच्या कडेपासून नाही, हे मी स्पष्ट लिहिलं नव्हतं. दुरुस्ती केली आहे.

आता ते पाच सेंटिमीटर. बोर्डोच्या बाटलीला ठसठशीत खांदा असतो, म्हणून तिथे ‘मानेत’, ‘खांद्याच्या वर’, ‘खांद्याच्या मध्यावर’ अशी भाषा चालते. बर्गंडीची बाटली मानेपासून उतरतच जाते, तिचा खांदा नेमका कुठे सुरू होतो ते सांगताच येत नाही. म्हणून तिथे सेंटिमीटर मोजतात. तुम्ही बोर्डोची फूटपट्टी घेऊन आलात आणि वर मलाच पक्षपाती ठरवलंत! बाटली भरताना वाईन तोंडापासून साधारण ६३ मिमी खाली असते. कॉर्क ४९ मिमीचा, म्हणजे मोकळी जागा सुमारे १४ मिमी. थंड तळघरातही कॉर्कमधून थोडी वाईन उडतच राहते. तीस वर्षांच्या बर्गंडीला ५ ते ७ सेंमी लिलावाच्या जगातही सर्वसाधारण मानतात. तेच ५ सेंमी आठ वर्षांच्या बाटलीत दिसले तर हात लावू नका, हे वाक्य लेखात त्याच परिच्छेदात होतं.

डागाचंही तसंच. कॉर्क ५४ मिमीचा असेल तर त्याच भरणीत जेमतेम ९ मिमी जागा उरते. तापमान १० अंशांनी चढलं की ७५० मिली वाईन सुमारे २ मिलीने फुगते, आणि १८.५ मिमी व्यासाच्या मानेत लेव्हल सुमारे ७ मिमी वर सरकते. कोंडलेली हवा दाबली जाते आणि वाईन कॉर्कच्या कडेने वाट काढते. कॉर्क बसवताना यंत्राच्या जबड्याने त्यावर उभी घडी पाडली असेल, तर त्याच घडीतून. असा डाग सुकलेला असतो आणि लेव्हल वयाच्या मानाने चांगलीच असते. ही बाटली मी घेईन.

टाळायची ती दुसरी: लेव्हल वयाच्या मानाने खाली, कॉर्क तोंडाच्या वर आलेला, कॅप्सूलखाली अजून चिकट, आणि टॉर्च धरल्यावर त्याच पेटीतल्या इतर बाटल्यांपेक्षा तपकिरी रंग. तिला उष्णता लागलेली आहे. कॅप्सूल फिरत नाही एवढ्यावरून मात्र गळती ठरवू नका. काही कॅप्सूल मुळातच घट्ट बसवलेल्या असतात.

आर्द्रता, मेणाचं सील, बनावट बाटल्या हे सगळं तुम्ही एका दमात ओढून आणलंत. लेखाचा विषय तो नव्हता, आणि त्यावर इथे वाद घालणार नाही.

एवढं लिहूनही तुमच्याकडच्या ज्या बाटलीबद्दल विचारता, तिचं साल तुम्ही सांगितलेलंच नाही. साल, कॉर्कच्या खालच्या टोकापासूनची लेव्हल आणि कॉर्क तोंडाशी सपाट आहे की वर आलेला, एवढं कळवा. मग बोलू.