हो, कळस बघून परत आलो

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कमी आला, तिसऱ्यांदा म्हटलं, उत्तर द्यायलाच हवं. बालीतल्या उलुवाटूवरच्या, तिथल्या सर्फिंगच्या लाटेवरच्या माझ्या लेखात तुम्ही तीन चुका काढल्यात. लाट डावीकडे फुटते, मी उजवीकडे लिहिलं. धोका ओहोटीला जास्त, मी भरतीला लिहिला. आणि तिसरं, 'एवढा खर्च करून गेलात आणि पाण्यात उतरला नाहीत, म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसता कळस बघून आलात.'

पहिली चूक शंभर टक्के माझी. झालं असं की मी कड्यावरच्या वारुंगमध्ये, म्हणजे तिथल्या टपरीत, समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. लाट माझ्या डाव्या हाताला फुटायला लागायची आणि उलगडत उलगडत उजवीकडे, शेजारच्या पाडांग पाडांग किनाऱ्याच्या बाजूला जायची. पण सर्फरचं तोंड किनाऱ्याकडे. माझं उजवं ते त्याचं डावं. आता लाटेला नाव द्यायचा मान तिच्यावर उभा राहणाऱ्याचा, कॉफी पिणाऱ्याचा नाही. उलुवाटू ही 'लेफ्ट'च. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरी अर्धी मान्य. मी रत्नागिरीकडचा. ओहोटीला पाण्यात जाऊ नको, आत ओढतं, हे ऐकतच वाढलो. उलुवाटूला ओहोटीची भीती वेगळी आहे, पाणी ओढण्याची नाही, तळ वर येण्याची. समुद्राची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा-दीडपट उरली की लाट फुटते. आपल्याकडे वाळूचा तळ हळूहळू उथळ होत जातो, म्हणून लाट बहुधा आधीच ढेपाळते. तिथे दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांपासून दिवसच्या दिवस चालत आलेली लाट खोलातून एकदम प्रवाळाच्या पायरीवर चढते, आणि तिचा माथा पुढे फेकला जातो. एप्रिल ते ऑक्टोबर आग्नेयेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो लाटेची भिंत अजून थोडा वेळ उभी धरतो. ओहोटीला रेसट्रॅक म्हणतात त्या पट्ट्यात पडलात तर खाली धारदार प्रवाळ, आणि मधे पाणी असून नसल्यासारखं. बरोबर आहे तुमचं. याचा पुरावा माझ्या घोट्यावरही आहे. ओहोटीला कड्याखालच्या गुहेच्या तोंडाशी अनवाणी हिंडताना नुसतं खरचटलं होतं. मी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी घोटा लाल होऊन सुजला आणि पुढे तीन आठवडे बूट घालता आला नाही.

मग भरतीचं का लिहिलं? गुहेमुळे. पायऱ्या उतरून कड्याच्या फटीतून खाली गेलं की जी वाळूची ओंजळ दिसते, ती भरतीला नाहीशी होते आणि लाटा थेट गुहेत घुसतात. आत जायची वाट तीच, बाहेर यायचीही तीच. शिवाय प्रवाह आडवा. गुहेच्या बराच अलीकडे नेम धरून यावं लागतं. नेम चुकला की पाणी तुम्हाला गुहेवरून पुढे घेऊन जातं, मग पुन्हा आत वल्हवत जाऊन अख्खा फेरा. एक पोरगा माझ्यासमोर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा आत आला तेव्हा पायरीवर बसला आणि बराच वेळ कुणाशी बोललाच नाही. तुमच्यासारख्या सरावलेल्याला हे किरकोळ वाटेल. मी मात्र त्याचा चेहरा पाहिला.

आता कळस. माझं वय सत्तेचाळीस. बालीतल्याच कुटा किनाऱ्याच्या वाळूवर पाच दिवस सर्फिंग शिकलो, फोमच्या मोठ्या फळीवर, आणि त्यात चार वेळा उभा राहिलो. चौथ्यांदा तर ओरडलोही. शिकवणाऱ्याला उलुवाटूचं विचारलं तर तो म्हणाला, 'बघायला जा.' बरोबरच होतं. तिथे नवशिक्या उतरला तर तो एकटाच मरत नाही, त्याची सुटलेली फळी दुसऱ्याच्या डोक्यात बसते. मी असताना एक दांडगा गडी पायऱ्या चढून आला, दोन्ही काखांत एकाच फळीचे दोन तुकडे. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, फक्त हिशेब होता.

आणि कळसाला कमी लेखू नका हो. माझ्या वडिलांच्या तीन आषाढ्या कळस बघूनच झाल्या, रांग तेवढी होती. त्यांची वारी झाली नाही असं आमच्या गावात कुणी म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर लेख सर्फरांसाठी नव्हताच. आपल्या सहली उलुवाटूच्या मंदिरापर्यंत जातात, माकडांकडून चष्मा सोडवून घेतात, सूर्यास्ताला केचक नावाच्या तिथल्या नृत्यनाट्यातला हनुमान बघतात आणि बसमध्ये बसतात. त्याच कड्याखाली 1971 मध्ये स्टीव्ह कूनी आणि रस्टी मिलर यांचं सर्फिंग चित्रित झालं आणि ही लाट जगाला कळली, याचा त्या बसमध्ये कुणाला पत्ता नसतो. दहा मिनिटं मान वळवून तिकडे बघा, एवढंच मला म्हणायचं होतं.

तुम्ही तिथे पाच-सहा वेळा उतरलाय असं लिहिलंत, म्हणून एक विचारतो. परत येताना गुहेसाठी वळायचं तर नेमकी कुठली खूण धरता? त्या पोराने मला विचारलं होतं, आणि मला सांगता आलं नव्हतं.