ती बॅग अजून माझ्याकडेच आहे

दिवाळीची आवराआवर म्हणून आज माळा काढला आणि ती निळी बॅग खाली आली. त्यात सकाळीच फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलेलं, 'अमेरिका बग्राम परत घेणार, आता तालिबानला कळेल!' बग्राम म्हणजे काबूलजवळचा हवाई तळ, अमेरिकेने सोडलेला. खाली सगळ्यांचे अंगठे. डोकंच फिरलं माझं.

बॅग काबूलच्या एका मुलीची. बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या वरच्या खोलीत दोन वर्षं राहिली, इथल्या युनिव्हर्सिटीत एम.ए. करत होती. मला काकू म्हणायची. पोह्यांवर लिंबू दोनदा पिळून घ्यायची. २०२१ च्या मार्चमध्ये घरी गेली, 'दोन महिन्यांत येते, बॅग राहू दे' म्हणून. ऑगस्टमध्ये काबूल पडलं.

बग्राम कशाला हवंय? ट्रम्प स्वतःच सांगतात, चीन अण्वस्त्रं बनवतो तिथून ते तासाभरावर आहे म्हणून. आणि २००१ मध्ये अमेरिकेच्याच राष्ट्राध्यक्षांची बायको रेडिओवरून सांगत होती की ही लढाई अफगाण बायकांच्या हक्कांसाठीही आहे! मग २९ फेब्रुवारी २०२० ला कतारमधल्या दोह्यात अमेरिकेचा तालिबानशी करार झाला. त्यात काबूलचं सरकार नाही, बायकांबद्दल एक ओळ नाही. सही एका राष्ट्राध्यक्षाच्या काळात, सैन्य काढलं दुसऱ्याने. २०२५ मध्ये तर अमेरिकेत पोचलेल्या अफगाणांचं तात्पुरतं संरक्षणही काढून घेतलं. अमेरिकेचे दोन हजार चारशेहून जास्त सैनिक गेले, मान्य. पण ज्या पोरींना 'शिका' म्हणून सांगितलं, त्यांना कुणी विचारलं?

आणि आपण तरी काय केलं? २०२१ च्या त्याच ऑगस्टमध्ये भारताने अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द. तिने ई-व्हिसाचा अर्ज भरला. रोज मेसेज, 'काकू, काही कळलं?' मी इथे खेटे घालत होते, कुणी धड उत्तर देईना. सुरक्षेचा प्रश्न होता, असेल. पण आमच्या घरी दोन वर्षं जेवलेल्या पोरीपासून कसली भीती? पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तिथली विद्यापीठंही मुलींना बंद झाली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीत येऊन गेले, काबूलला पुन्हा आपला दूतावास झाला. शेजार आहे, बोलावं लागतं, एवढं मलाही कळतं. पण आपल्या राजधानीत, त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेला बायकांना आत घेतलं नाही. ओरड झाली तेव्हा दोन दिवसांनी बोलावलं. त्यावर ग्रुपवर एक अक्षर नाही. लेकी शिकवल्यात ना तुम्ही सगळ्यांनी?

जाऊ दे. दुपारी बॅग उघडली. दोन कुर्ते, मीच टाकलेल्या डांबरगोळ्या, तीन वह्या. पुढून इंग्रजी नोट्स, मागून उजवीकडून डावीकडे तिच्या दरी भाषेतलं लिखाण. एका पानावर देवनागरी गिरवलेलं: काकू, पोहे, पाऊस. 'पाऊस'मधला ऊ तीनदा खोडलाय.

फोटो पाठवला तिला. संध्याकाळी उत्तर आलं, 'कपडे कुणाला तरी देऊन टाका काकू. वह्या ठेवा.'

वह्या देवघराशेजारच्या कपाटात ठेवल्यात. कपडे द्यायला हात होत नाही अजून.