‘पहिला चावा माफ’ असं कोणत्या कायद्यात लिहिलंय?

एकच मजकूर तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला. त्यात म्हटलंय: ‘घरचा कुत्रा पहिल्यांदाच चावला असेल तर मालकावर केस होत नाही. मुक्या जनावराने केलेल्या गोष्टीला माणूस जबाबदार नसतो. कुत्रा खतरनाक जातीचा नसेल, त्याला लस दिलेली असेल आणि फाटकावर पाटी असेल तर मालक मोकळा. फार तर इंजेक्शनचे पैसे द्यावेत.’ खाली ‘सर्व श्वानप्रेमींनी जपून ठेवा’ अशी विनंती.

मी स्वतः बारा वर्षं कुत्रा सांभाळला आहे. म्हणूनच हा मजकूर मला जास्त टोचला. तो खरा मानून कुणी तरी साखळी हातातून सोडेल, आणि भोगेल तिसराच.

‘पहिल्यांदाच चावला’

या समजुतीचं मूळ इंग्लंडच्या जुन्या न्यायनिवाड्यांत आहे. कुत्र्यासारख्या पाळीव जनावराचा स्वभाव धोक्याचा आहे हे मालकाला ठाऊक होतं, असं सिद्ध झालं की हलगर्जीपणाचा वेगळा पुरावा न मागता त्याला जबाबदार धरायचं, असा तो नियम. त्यावरून लोकांनी ‘प्रत्येक कुत्र्याला एक चावा माफ’ असं सोपं सूत्र काढलं. पण हलगर्जीपणा दाखवता आला तर मालक पहिल्या चाव्यालाही सुटत नव्हता. हा अर्धा भाग फॉरवर्ड होत होत गळून पडला.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं कलम २८९ होतं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असेल, आणि तो टाळण्यासाठी पुरेशी खबरदारी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम पुन्हा वाचा. ‘याआधी चावला होता का’ हा प्रश्न त्यात कुठेच नाही. खबरदारी घेतली होती का, एवढंच विचारलंय. आधीचा इतिहास असेल तर मालकाची बाजू आणखी लंगडी पडते, हे खरं. पण इतिहास नाही म्हणून सुटका, असं नाही.

त्याच्या जोडीला त्याच संहितेचं कलम १२५ लागू शकतं. निष्काळजी कृतीने दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत. ‘गंभीर’ म्हणजे हाडच मोडायला हवं असं नाही. चेहरा कायमचा विद्रूप झाला, किंवा माणूस पंधरा दिवस रोजची कामं करू शकला नाही, तरी ती गंभीर दुखापत. लहान मुलाचं तोंड आणि मोठ्या कुत्र्याचं तोंड जवळजवळ एकाच उंचीवर असतं. चावा कुठे बसतो ते वेगळं सांगायला नको.

‘मुकं जनावर आहे’

बरोबर आहे, कुत्र्यावर खटला चालत नाही. खटला माणसाने काय केलं किंवा काय केलं नाही त्यावर चालतो. मुंबईतल्या २०१० सालच्या एका प्रकरणात दोन माणसं गाडीजवळ भांडत होती. त्यातल्या एकाचा रॉटवायलर जातीचा कुत्रा गाडीत होता आणि भुंकत होता. दार उघडू नका, असं समोरचे ज्येष्ठ गृहस्थ सांगत होते. दार उघडलं गेलं आणि कुत्रा त्यांच्या पायाला आणि हाताला चावला. २०२३ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. चावला कुत्रा, पण दार त्याने उघडलं नव्हतं.

‘मी घरीच नव्हतो, कामवाला फिरवत होता’ हेही नेहमी ऐकू येतं. ज्याच्या हातात साखळी, त्याचा प्रश्न आहेच. पण दोन माणसांना ओढून नेणारा कुत्रा एका किरकोळ पोराच्या हाती तुम्हीच दिला असेल, तर निष्काळजीपणा त्या पोरापासून सुरू होत नाही. भरपाईच्या दाव्यात नोकराने कामावर असताना केलेली चूक मालकाच्या अंगावर येतेच.

जात आणि लस

इथे फार बोलण्यासारखं नाही. कलम २९१ कोणत्याही प्राण्याबद्दल आहे, त्यात जातींची यादी नाही. केंद्राने मार्च २०२४ मध्ये काही जातींवर बंदी आणणारं परिपत्रक काढलं होतं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरात रद्द केलं. त्या यादीचा इथे संबंधच नाही. आणि लस रेबीजसाठी असते, दातांसाठी नाही. लसीची वही दाखवा, डॉक्टरांना ती उपयोगी पडते. पण जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं आणि डॉक्टरांकडे जाणं त्यामुळे टळत नाही.

‘पाटी लावली आहे’

‘कुत्र्यापासून सावध रहा.’ या पाटीचा खरा उपयोग काय, याचा विचार पाटी रंगवून घेणारे फारसा करत नाहीत. वाचणाऱ्याला ती सावध करते, पण मालकाला धोका माहीत होता याचा पुरावाही तीच देते. चोरून कुंपण ओलांडणाऱ्याविरुद्ध ती कामाला येईल. पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाविरुद्ध कशी येणार? त्याला तुम्हीच बोलावलं आहे.

माझ्या ओळखीतल्या एका बंगल्यात पाटी फाटकावर होती आणि बेल आत, घराच्या दाराशी. मध्ये वीसेक पावलांचं अंगण, आणि तिथे कुत्रा मोकळा. सिलिंडर आणणारा फाटकाबाहेरून हाका मारत राहिला, कुणी ओ दिली नाही, म्हणून आत आला. पोटरीला चार दात लागले. घरच्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘पाटी वाचता येत नाही का?’ त्याला वाचता येत होती. बेल वाजवायची कशी, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

‘इंजेक्शनचे पैसे दिले की झालं’

पैसे जरूर द्या, त्याच दिवशी द्या. पण कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिस थेट तपास करू शकतात. आपसांत बोलणं झालं म्हणून तो पुसला जात नाही. शिक्षा सुनावताना न्यायालय जखमीला भरपाई द्यायला सांगू शकतं, तशी तरतूद फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्ये आहे. दिवाणी दावा वेगळा करता येतो. त्यात बुडालेली मजुरी आणि सोसलेल्या वेदना यांचीही भरपाई मागता येते.

उलट टोकाचा मजकूरही फिरतो: ‘दाताच्या प्रत्येक खुणेमागे दहा हजार.’ तो आकडा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालातला, तिथल्या मोकाट जनावरांच्या प्रकरणांतला. भरपाईची मुख्य जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे. घरच्या कुत्र्याच्या मालकाला लावायचं ते दरपत्रक नव्हे.

मालकाच्या बाजूनेही बोलायला हवं. खेळताना पिल्लाचा दात लागला, तर त्यात जिवाचा धोका शोधणं ताणून धरणं होईल. कुणी कुत्र्याला दगड मारले, कुंपणावरून काठीने डिवचलं, तर न्यायालय तेही पाहतं. गुन्हा फिर्यादी पक्षानेच सिद्ध करायचा असतो. आणि चावल्यावर घाबरून कुत्र्याला लांब कुठे तरी सोडून येणारे दुसरा गुन्हा करतात. पाळलेला प्राणी टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय रेबीज आहे का ते कळावं म्हणून दहा दिवस नजरेखाली ठेवायचा कुत्राच नाहीसा झाला, तर चावलेल्या माणसाने कशावर विसंबायचं?

त्या सिलिंडरवाल्याची इंजेक्शनं महिनाभर चालली. मालकांनी पहिल्या इंजेक्शनचे पैसे दिले. पुढच्या प्रत्येक खेपेला त्याचा अर्धा दिवस गेला, तो कुणी मोजला नाही. बेल आता फाटकाबाहेर आहे.